अठ्ठावन्नाव्या वर्षी गेट पास बदलतो

भोसरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी एकोणीस वर्षं होते. निवृत्तीची पत्रं काढणं, ग्रॅच्युइटीचा हिशेब लावणं, शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ आणून ठेवणं ही माझ्याकडची कामं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी कॅंटीनमध्ये समारंभ व्हायचा. निवृत्त होणाऱ्याची बायको ठेवणीतली साडी नेसून यायची आणि नवऱ्याची कंपनी आतून पाहायची तिची ती बहुधा पहिलीच वेळ असायची. दोन भाषणं, एक फोटो, बटाटेवडा, पेढा आणि कंपनीच्या गाडीतून घरापर्यंत सोडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागेवर दुसरं कुणीतरी उभं असायचं.

टूल रूममधले एक काका असेच निवृत्त झाले. प्रेस टूलचे फिटर. प्रेसमधून पडलेला पत्र्याचा भाग हातात घ्यायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि पत्रा कापणारी डाय, म्हणजे साचा, कुठल्या कोपऱ्यात बोथट झाली आहे ते सांगायचे. मोजमापाची उपकरणं नंतर तेच सांगायची. ते गेले आणि दीड महिन्यात एका जुन्या टूलने बर टाकायला, म्हणजे पत्र्याच्या कडेला खरखरीत धार सोडायला सुरुवात केली. टूल तीनदा खोललं, तीनदा बसवलं, माल परत येत राहिला, ग्राहकाचा माणूस येऊन बसला. शेवटी काकांना फोन केला. ते डबा घेऊनच आले आणि दुपारच्या चहाच्या आत टूल चालू झालं.

त्यांना परत घ्यायचं ठरलं. कसं घ्यायचं ते कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते जसं केलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांचं नाव लेबर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर चढलं. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही. गेट पासचा निळा रंग जाऊन पिवळा आला. कॅंटीनमध्ये कायम कामगारांना सवलतीत मिळणारं ताट त्यांना पूर्ण दराने घ्यावं लागू लागलं. ज्या गेटमधून ते बत्तीस वर्षं आत-बाहेर करत होते, त्याच गेटवर आता संध्याकाळी डबा उघडून दाखवावा लागायचा, कारण पिवळ्या पासवाल्यांना तसा नियम होता. काम तेच, टेबल तेच, कानस आणि हातोडीसुद्धा तीच. चार महिन्यांनी ते यायचे बंद झाले. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "मॅडम, कामाचं काही नाही. ते डबा उघडून दाखवायचं बंद होत असेल तर सांगा, येतो."

ते बंद झालं नाही.

वयस्कर कामगारांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा निवृत्तीचं वय ५८ असावं की ६० यावर येऊन थांबते. मला त्या रेघेपेक्षा तिच्या पलीकडच्या जागेची जास्त काळजी वाटते. अनुभवी माणूस कारखानदारांना हवा असतो आणि ते त्याला ठेवूनही घेतात. मात्र ठेवताना त्याची पायरी उतरवतात. सगळेच मालक वाईट आहेत म्हणून हे घडत नाही. आपले कायदे, विमा, हजेरीपट आणि सवयी सगळ्या मिळून मालकाला त्याच वाटेने ढकलतात. सरळ वाट अवघड आणि आडवाट स्वस्त, अशी आजची रचना आहे. मालकांना मदत करायची असेल तर सरळ वाट सोपी आणि परवडणारी करणं, हीच खरी मदत.

५८ या आकड्यात पवित्र असं काही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय आधी ५५ होतं, १९६२ मध्ये ५८ झालं आणि १९९८ मध्ये ६०. महाराष्ट्र सरकारचे बहुतेक कर्मचारी आजही ५८ ला निवृत्त होतात, चतुर्थ श्रेणीतले ६० ला. खासगी कारखान्यांसाठीच्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, वय ६० लिहिलेलं होतं, पण मालक-कामगार करारात दुसरं वय ठरलं असेल तर ते चालायचं. म्हणून कितीतरी करारांत ५८ आलं आणि तेच रूढ झालं. त्याला जोड मिळाली पीएफबरोबरच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेची, कारण तिची पेन्शन ५८ ला सुरू होते. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. म्हणजे ५८ ला समारंभ झालेल्या माणसापुढे सहज पंधरा-वीस वर्षं उरतात.

आणि ती काढायची कशावर? ईपीएसचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पण तो पगार खरा पगार नसतो. बहुतेकांच्या बाबतीत सप्टेंबर २०१४ पर्यंत त्याची कमाल मर्यादा ६,५०० रुपये होती, नंतर १५,०००. योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली त्या दिवसापासून न चुकता तीस वर्षं वर्गणी भरलेल्या माणसाचा हिशेब मी मांडून पाहिला. योजनेत मिळणारी दोन वर्षांची वाढीव सेवा धरूनही पेन्शन महिना साडेचार हजारांच्या आसपास येते. ज्यांची नोकरी तुटक झाली त्यांना याहून कमी. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयेच आहे आणि ती ७,५०० आणि महागाई भत्ता अशी करावी म्हणून हेच निवृत्त कामगार वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत. त्यांची मागणी रास्त आहे आणि ती पूर्ण व्हायलाच हवी. मी पुढे जे म्हणणार आहे ते त्या मागणीला पर्याय म्हणून कुणी वापरू नये. "पेन्शन कशाला, काम करा की" असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

माझे आजोबा खटाव तालुक्यात जिरायत शेती करायचे. त्यांना कुणी कधी निवृत्त केलं नाही. नांगर सुटला तेव्हा ते पेरणीला होते. पेरणी सुटली तेव्हा बांधावर उभं राहून पाभर कुठल्या तासाला वाकडी चालली आहे ते सांगायचे. नंतर राखण, वैरण, दावी वळणं. शेवटी ओसरीवर बसून ज्वारीचं बी निवडणं, आणि त्या कामात घरात त्यांच्याइतकी नजर कुणाची नव्हती. काम हलकं होत गेलं, पण एका दिवसात तुटलं नाही. यात गोडवा शोधायला मी बसलेली नाही. त्यांना पेन्शन नव्हती, आणि पैसे जमेपर्यंत मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलं. पण वयाप्रमाणे काम बदलत न्यायची पद्धत आपल्या घराघरांत होती. कारखान्यात आलो आणि ती विसरलो. तिथे माणूस ३१ तारखेला पूर्ण पाळीचा कामगार असतो आणि १ तारखेला कुणीच नसतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. निवृत्तीनंतर पीएफची सगळी रक्कम काढून घेतलेला माणूस पुन्हा नोकरीला लागला तर पीएफच्या योजनेत तो 'वगळलेला कर्मचारी' ठरतो. मालकाला त्याचा पीएफ भरणं बंधनकारक राहत नाही. तरुण कामगारामागे पगारावर १२ टक्के, निवृत्तामागे शून्य. वरवर पाहता हे मालकाला निवृत्त माणूस घ्यायचं प्रोत्साहन वाटेल. प्रत्यक्षात त्यातून 'रिटायर माणूस म्हणजे स्वस्त माणूस' हा समज पक्का होतो आणि त्याला हजेरीपटावर न घेता व्हाउचरवर ठेवायची सवय लागते. तिकडे मेडिक्लेमचं उलटं आहे. गटविम्याचा हप्ता वयावर ठरतो. तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये साठीतली चार माणसं आली की पुढच्या वर्षीचा हप्ता वाढतो. मालकाच्या मनात पहिली भीती असते ती हीच. काम करता करता छातीत दुखलं तर काय, ही दुसरी. घोडं इथे पेंड खातं.

या दोन्हींवर उत्तर आधीच पुस्तकात आहे, फक्त ते कुणी एकत्र वाचत नाही. ईएसआयला, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेला, वयाची वरची मर्यादा नाही, पगाराची आहे: महिना २१,०००. टूल रूममधल्या मुरलेल्या फिटरचा पगार त्याच्या वर जातो, म्हणून तो ईएसआयच्या बाहेर असतो. पण तोच फिटर अर्ध्या पाळीवर आला, सकाळी नऊ ते एक, आणि त्याला महिना १८,००० मिळाले, तर तो ईएसआयमध्ये बसतो. मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, म्हणजे महिना ५८५ रुपये. त्यात त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला दवाखाना मिळतो. ईएसआयच्या दवाखान्यांची अवस्था कामगारांना विचारा, ते खूप काही सांगतील. ती सुधारलीच पाहिजे. तरी काहीच नसण्यापेक्षा ते फार मोठं आहे. ५८ वर्षांवरच्या कामगारासाठी हे ५८५ रुपये सरकारने भरायचे ठरवलं, तर छोट्या मालकाच्या डोक्यावरची पहिली भीती उतरते. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण आहेच. जो माणूस काम करतो आहे त्याला ते साठीपासून का देऊ नये, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारायला हवा.

दुसरं उत्तर केंद्राच्या नव्या कामगार संहितांत, म्हणजे नव्या कामगार कायद्यांत आहे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर कामगार संघटनांचा आक्षेप आहे आणि मुदतीच्या नेमणुकीवरचा आक्षेप मला पटतो. पंचवीस वर्षांच्या मुलाला दोन-दोन वर्षांच्या मुदतीवर फिरवत ठेवलं तर तो घर कधी करणार, कर्ज कशाच्या जोरावर काढणार? पण तीच तरतूद ५८ वर्षांच्या माणसाच्या कामी येऊ शकते. मुदतीच्या नेमणुकीत मालक त्याला थेट आपल्या हजेरीपटावर घेतो, मध्ये कंत्राटदार नसतो. तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम करणाऱ्या कायम कामगाराहून कमी वेतन-भत्ते देता येत नाहीत, आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. आमच्या काकांच्या वेळी ही वाट असती आणि मला ती माहीत असती, तर निदान मी तो कागद वेगळा लिहिला असता. राज्याने एवढंच करावं: निवृत्त कामगाराला त्याच कारखान्यात कंत्राटदारामार्फत घेण्यावर बंदी घालावी आणि थेट मुदतीच्या, अर्ध्या पाळीच्या नेमणुकीचा एक पानाचा नमुना काढावा. छोट्या कारखानदाराला सल्लागाराकडे न जाता तो भरता आला पाहिजे.

जपानने या बाबतीत आपल्या कितीतरी आधी पावलं उचलली, आणि त्यांच्या चुकाही आपल्याला पाहता येतात. तिथे २०१३ पासून ६५ वर्षांपर्यंत काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाची सोय लावणं कंपन्यांवर टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालं: निवृत्तीचं वय वाढवा, ते रद्द करा किंवा निवृत्तीनंतर पुन्हा नेमा. एप्रिल २०२१ पासून ७० पर्यंत तसा प्रयत्न करण्याची जबाबदारीही आली. बहुतेक कंपन्यांनी पुन्हा नेमण्याची वाट धरली, कारण त्यात पगार खाली आणता येतो. एका वाहतूक कंपनीतल्या चालकांनी याविरुद्ध दाद मागितली. निवृत्तीआधी जो ट्रक चालवत होते तोच नंतर चालवत होते, पगार मात्र कमी. जून २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पगारातली बहुतेक तफावत चालू दिली. पूर्ण हजेरीचा भत्ता नाकारणं मात्र अवाजवी ठरवलं, कारण रोज वेळेवर येण्याचं महत्त्व निवृत्तीने कमी होत नाही. हा निकाल वाचताना मला पिवळा गेट पास आठवला. माणूस टिकवण्याचा कायदा केला आणि दराचा प्रश्न मोकळा सोडला की काय होतं, ते त्यात दिसतं.

त्याच देशातलं एक उदाहरण मला फार आवडतं. गिफु प्रांतातल्या नाकात्सुगावा शहरात कातो सेइसाकुशो नावाचा पत्र्याचे सुटे भाग करणारा कारखाना आहे. २००१ मध्ये त्यांना शनिवार-रविवारीही मशीन चालवायची होती आणि त्या दिवशी यायला तरुण तयार नव्हते. त्यांनी गावात जाहिरात वाटली: कामाची हौस असलेली माणसं हवीत, स्त्री-पुरुष कुणीही, पण वयाची अट आहे, ६० च्या वर. लोक आले, शिकले, सुट्टीच्या दिवशी कारखाना चालवू लागले. आपल्या वर्तमानपत्रातल्या 'पाहिजेत'च्या चौकटी काढून बघा. 'वय २१ ते ३५' ही ओळ अकाउंटंटच्या जाहिरातीत असते, स्टोअरकीपरच्या असते, दुकानातल्या काउंटरच्याही असते. त्या वयाचा त्या कामाशी काय संबंध, याचं उत्तर जाहिरात देणाऱ्याकडेही नसतं. अमेरिकेत चाळिशीच्या वरच्या माणसाला केवळ वयामुळे नोकरी नाकारण्याविरुद्ध १९६७ पासून कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीत तसं काहीच नाही. केंद्राने साठीवरच्यांना काम शोधता यावं म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये 'सेक्रेड' नावाचं पोर्टल काढलं, हेतू चांगला होता. पण चाकणचा कारखानदार माणूस शोधताना पोर्टल उघडत नाही, तो आपल्या सुपरवायझरला सांगतो, "कुणी असेल तर बघ रे." त्या सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर साठीतला माणूस येतच नाही. पहिली अडचण ती आहे.

दुसरी अडचण शरीराची आहे, आणि तिच्याबद्दल खोटं बोलून चालणार नाही. वयाबरोबर नजर मंदावते, गुडघे बोलू लागतात, रात्रपाळी सोसत नाही. पण यातलं किती वयाचं आणि किती आपण मांडलेल्या यंत्रांचं, हे कधी तपासलं जातं? जर्मनीत बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग इथे बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये एक प्रयोग केला. दहा वर्षांनी कामगारांचं सरासरी वय जितकं होणार होतं, म्हणजे ४७, तितक्या सरासरी वयाची ४२ माणसं मुद्दाम एका लाइनवर ठेवली आणि काय बदलू ते त्यांनाच विचारलं. सत्तर बदल निघाले. सिमेंटऐवजी लाकडी फळ्यांची जमीन, काही ठिकाणी बसून काम करायला न्हाव्याच्या दुकानातल्यासारख्या खुर्च्या, बारीक भाग बघायला भिंग, पडद्यावर मोठी अक्षरं. एकूण खर्च आला ४०,००० युरोंच्या आसपास. वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली आणि गैरहजेरी घटली. त्या कंपनीपुढे ही रक्कम काहीच नाही, आणि आपल्या वर्कशॉपला तर तिचा शतांशही पुरेल. रबराची चटई, टेबलावर एलईडी दिवा, एक उंच स्टूल, पंचवीस किलोचं फिक्श्चर उचलायला साखळीची कप्पी. या यादीतली एकही गोष्ट भोसरीच्या बाजारात न मिळणारी नाही. आणि ती तरुणाच्या कमरेलाही वाचवते.

नव्या संहितेप्रमाणे चाळिशीवरच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची आहे. ही तपासणी कशी वापरली जाते यावर सगळं अवलंबून आहे. 'अनफिट' असा शिक्का मारून माणूस बाहेर काढायला ती वापरली, तर कामगार रक्तदाब लपवायला शिकतील. तिचा उपयोग माणसाचं काम बदलायला व्हावा: प्रेसवरून तपासणीकडे, तपासणीतून टूल स्टोअरकडे, दुसऱ्या पाळीतून पहिल्या पाळीत.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सगळ्यांना सरसकट दोन वर्षं वाढवून देणं हे अनेकांवर अन्याय करेल. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कास्टिंगचं फेटलिंग करणारा, त्याच्या कडा घासून काढणारा माणूस, इचलकरंजीत चोवीस तास खडखडणाऱ्या मागांमध्ये उभं आयुष्य काढलेला कामगार, बाजार समितीत पोती उचलणारा माथाडी. यांच्या पन्नाशीतच त्यांचं शरीर साठीचं झालेलं असतं. त्यांना लवकर आणि पुरेशी पेन्शन हवी, किंवा पन्नाशीतच हलकं काम हवं. एकच रेघ सगळ्यांना लावली की ती कुणासाठी फार अलीकडे पडते आणि कुणासाठी फार पलीकडे. म्हणून मला वय वाढवण्यापेक्षा उतरण हवी आहे: ५५ पासून ६५ पर्यंत, ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे आणि त्याच्या मर्जीने.

आता सर्वांत कळीचा आक्षेप. घरात बी.ई. झालेला मुलगा बसून आहे आणि तुम्ही बापाला कामावर ठेवायला निघालात? हा प्रश्न विचारणारी आई माझ्या ओळखीची आहे, आणि तिला मी आकडे सांगत नाही. पण विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. जिथे मंजूर पदांची संख्या ठरलेली आहे तिथे म्हातारा माणूस खरोखरच तरुणाची खुर्ची अडवतो. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर, सत्तरीपर्यंत नेमायचं ठरवलं. पात्रता परीक्षा देऊन भरतीची वाट बघणारे हजारो तरुण शिक्षक चिडले आणि त्यांचा राग बरोबर होता. ती जागा त्यांची होती. निवृत्त शिक्षकाचा अनुभव वापरायचा असता तर नव्या शिक्षकाबरोबर पहिलं वर्ष वर्गात बसायला त्याला बोलावता आलं असतं. सरकारने त्याच्या अनुभवाची किंमत केली नाही, फक्त त्याच्या स्वस्तपणाचा फायदा घेतला.

कारखान्याचं गणित वेगळं आहे. तिथे कामाची संख्या कुणी ठरवून ठेवलेली नसते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी नमुना घडवणारा कारागीर, निवृत्त झाला आणि त्याच्याकडून कुणी शिकलं नाही, तर त्याची जागा तरुणाला मिळत नाही. ते काम बाहेर जातं, किंवा ती ऑर्डरच जाते, आणि तिच्याबरोबर मोल्डिंगची, मशीनिंगची, पॅकिंगची चार तरुण माणसांची कामं जातात. बारा देशांच्या आकडेवारीवर जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वयस्कर माणसं कामावर राहिल्याने तरुणांच्या नोकऱ्या घटल्याचा पुरावा मिळाला नाही. ते देश श्रीमंत आहेत आणि आपली बेकारी वेगळी आहे, हे खरं. पण टूल रूममध्ये मी जे पाहिलं ते त्या निष्कर्षाशी जुळतं. आमच्या काकांच्या हाताखाली दोन मुलं आणखी सहा महिने राहिली असती तर आज त्यांच्या नावापुढे टूल मेकर लागलं असतं.

म्हणूनच सरकारचा पैसा कुठे जातो ते बघा. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या रोजगार योजनेत पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला पंधरा हजारांपर्यंत आणि नवा माणूस वाढवणाऱ्या मालकाला महिना तीन हजारांपर्यंत मिळतात. योजनेची तरतूद ९९,४४६ कोटींची. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र देतं. सगळं शिकणाऱ्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण शिकवणाऱ्याला कुणी काही देत नाही. दोन शिकाऊ मुलांना रोज चार तास हाताखाली घेणाऱ्या ५८ वर्षांवरच्या कारागिराच्या अर्ध्या पगाराचा निम्मा भार वर्षभर सरकारने उचलला, तर म्हातारा आणि तरुण एकाच टेबलावर येतात. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. तिथल्या मशीनवर आणि बाहेरच्या मशीनवर किती अंतर पडलं आहे ते प्रत्येक सुपरवायझरला माहीत आहे. पदवी नसली तरी तीस वर्षं मिलिंग केलेल्या माणसाला तिथे आठवड्यातून दोन दिवस शिकवता आलं पाहिजे.

गेल्या वर्षी शिरोलीच्या एका छोट्या कारखानदाराने मला त्याची वही दाखवली. पुढच्या पाच वर्षांत ५८ पूर्ण करणाऱ्या माणसांची यादी त्याने हाताने लिहिली होती. नऊ नावं, प्रत्येकापुढे काय येतं ते. दोन नावांपुढे लिहिलं होतं, "फक्त यांनाच येतं." त्यातले एक पॅटर्न मेकर, दुसरे भट्टीवरचे. दोघांनाही घरी बसायचं नव्हतं, आणि दिवसभर उभं राहायचंही नव्हतं. त्यांना अर्ध्या पाळीवर कसं दाखवायचं म्हणून त्याने तीन सल्लागारांना विचारलं होतं. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि एकाने सरळ कंत्राटदाराचा नंबर दिला. जिल्हा उद्योग केंद्रात या प्रश्नाचं टेबल नव्हतं.

मी त्याच्या ऑफिसात बसून दोघांची नेमणूकपत्रं लिहिली. दोन वर्षांची मुदत, थेट कारखान्याच्या हजेरीपटावर, सकाळी नऊ ते एक, प्रत्येकाबरोबर एक शिकाऊ मुलगा. तासाचा दर निवृत्तीआधी होता तोच. शेवटी एक ओळ घातली: चहा-नाश्ता, गणवेश, सेफ्टी बूट आणि दिवाळीची भेट कायम कामगारांप्रमाणे. भट्टीवरच्या काकांनी चष्मा आणला नव्हता. सही करण्याआधी त्यांनी ती ओळ मुलाकडून दोनदा वाचून घेतली.